तीन नंबरचे चॅनल आणि दुसऱ्या मजल्यावरची नोटीस

प्रति,
वायफाय चॅनल वाटप अधिकारी,
वसाहत व्यवस्थापन कार्यालय.

विषय : दुसऱ्या मजल्यावरील शिंपी यांचे वायफाय शुक्रवारी न तोडण्याबाबत. दोष अर्जदाराचा असल्याबाबत.

संदर्भ : १) आपले सात आठवड्यांपूर्वीचे पत्र व फॉर्म (उत्तर दिलेले नाही).
२) जिन्याखाली लावलेली आपली सोमवारची नोटीस.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ चे पत्र अर्जदाराला वेळेवर मिळाले होते. ते गहाळ झाले नाही. सात आठवडे ते टेबलावर शब्दकोशाखाली आहे आणि अर्जदाराने ते इतक्यांदा वाचले आहे की घडीवर कागद फाटू लागला आहे. उत्तर मात्र गेले नाही. त्याचे कारण पुढे दिले आहे. ते पुरेसे आहे असे अर्जदाराला स्वतःलाही वाटत नाही.

२. अर्जदार निवृत्त मुद्रितशोधक असून तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी असते. तिला ऐकू येत नाही, पण समोरच्याचे ओठ पाहून ती सगळे समजून घेते. तिच्याशी रोज चार वाजता व्हिडिओवर बोलता यावे म्हणून गेल्या वर्षी अर्जदाराने वायफायचे यंत्र घेतले. चार ते पावणेपाच एवढाच वेळ ते चालू असते. अर्जदाराचे दिवसभरातले सगळे बोलणे त्या पाऊण तासात होते.

३. यंत्र बसवणाऱ्या कारागिराने मोबाइलवर इमारतीतली सगळी यंत्रे दाखवली. काही एक नंबरच्या चॅनलवर, काही सहावर, काही अकरावर. दोन ते पाच रिकामे होते. "काका, कोणता टाकू?" असे त्याने विचारले. कोणाच्या जागेत कसे शिरायचे, असा संकोच वाटून अर्जदाराने मधला तीन सांगितला. गर्दीच्या बाकावर दोघांच्या मध्ये अंग चोरून बसावे, तसे. आपला कोणाला त्रास नको, एवढाच हेतू होता.

४. आपल्या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिले आहे की प्रत्येक यंत्राची लहर शेजारच्या नंबरांवरही पसरते, म्हणून एकमेकांना न लागणारे नंबर तीनच : एक, सहा, अकरा. एकाच नंबरवरची यंत्रे एकमेकांची चाहूल घेतात आणि पाळीने बोलतात. मधल्या नंबरवरच्याचे बोलणे कोणालाच कळत नाही. दोन्ही बाजूंना तो नुसता गोंगाट होतो. म्हणजे अंग चोरून बसलेला माणूस दोघांच्याही मांडीवर बसला होता.

५. फॉर्ममध्ये सध्याचा नंबर विचारला होता : एक, सहा, अकरा अशा तीन चौकटी आणि चौथी 'अन्य, कारण लिहावे' अशी. कारणाला दीड ओळ जागा. अर्जदाराने अकरा मसुदे केले. एकही दीड ओळीत बसेना. जो बसला तो उद्धट वाटला. मुदत उलटली. एका म्हाताऱ्याच्या पाऊण तासाने इमारतीचे काय बिघडणार, अशी अर्जदाराने मनाची समजूत घातली. उत्तर न आल्यास त्या घरी वायफाय नाही असे धरले जाईल, हे पत्रात ठळक अक्षरांत होते. तेही अर्जदाराने वाचले होते.

६. आपण केलेल्या वाटपात दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्यांना एक नंबर मिळाला. त्यांचे घर अर्जदाराच्या बरोबर खाली आहे. नोटिशीत दिल्याप्रमाणे त्यांच्या आईच्या छातीवर एक पट्टा असतो. तो हृदयाचे ठोके वायफायने दवाखान्यात पाठवतो. ठोके पोचले नाहीत तर उशाशी असलेली डबी ओरडते. या पट्ट्याच्या अटीवरच दवाखान्याने त्यांना घरी सोडले आहे. वाटप झाल्यापासून ती डबी रोज चारच्या सुमारास ओरडू लागली. शिंप्यांनी तीन तक्रारी केल्या. आपले तपासनीस सकाळी आले. त्या वेळी अर्जदाराचे यंत्र बंद होते. नोंदलेली सर्व यंत्रे नियमात आहेत, तेव्हा बिघाड तक्रारदाराच्याच यंत्रात, असा निष्कर्ष निघाला. शुक्रवारी दहा वाजता त्यांची जोडणी तोडून यंत्र जप्त होणार आहे. जोडणी गेली की आईंना परत वॉर्डात न्यावे लागेल.

७. सोमवारी नोटीस वाचल्यावर त्याला शंका आली. मंगळवारी दुपारी त्याने यंत्र चालू केले. सहा मिनिटांनी खाली डबी ओरडली. तळमजल्यावरच्या दुकानातून शिंपी दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले. अर्जदाराने यंत्र बंद केले. डबी गप्प झाली. छापखान्यात पाचवे वाचन झाल्याशिवाय पान यंत्रावर चढत नसे. चाळीस वर्षांची ती सवय. अर्जदाराने यंत्र पुन्हा चालू केले. पुन्हा डबी, पुन्हा जिना. असे पाच वेळा केले. पाचव्या खेपेला शिंप्यांची पावले अर्ध्या जिन्यात थांबली आणि त्यांचा श्वास वरपर्यंत ऐकू आला. त्यानंतर अर्जदाराने यंत्राची तार उपटून कपाटात ठेवली. ती तेथेच आहे.

८. बहिणीला मोबाइलवर संदेश पाठवून हे कळवले. तिचे उत्तर आले : "अर्धा अर्ज लिहून बसला असशील. पूर्ण कर आणि टाक. माझी काळजी करू नकोस, तसंही तुझं निम्मं बोलणं पुटपुटणंच असतं."

९. सबब विनंती की,
(अ) शिंप्यांवरील नोटीस तात्काळ मागे घ्यावी.
(आ) इमारतीतल्या गोंगाटाची नोंद अर्जदाराच्या नावावर करावी. दंड असल्यास सांगावा. जप्त करायचे असल्यास यंत्र पुसून, खोक्यात घालून तयार ठेवले आहे.
(इ) हे सर्व झाल्यावर, आणि कोणाची हरकत नसेल तरच, तीनपैकी कोणत्याही नंबरवर अर्जदाराला जागा द्यावी. पाळी सर्वांत शेवटी आली तरी चालेल. वेळ पाऊण तासाऐवजी अर्धा तास केला तरी चालेल. तेही जमत नसेल तर अर्जदार बहिणीला कळवेल, की जमत नाही.

या खेपेस दीड ओळीत न मावल्याबद्दल क्षमस्व.

आपला, उत्तराला सात आठवडे उशीर केलेला,
(सही)
तिसरा मजला, जिन्यालगतचे घर
बुधवार, दि. १४

सोबत : संदर्भ क्र. १ चा फॉर्म, 'अन्य'वर खूण करून.

ता. क. : पाकीट बंद करण्यापूर्वी अर्जदार खाली जाऊन आला. ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना न दाखवता पाठवणे बरे वाटेना. शिंप्यांनी दारातच उभ्याने सगळा अर्ज वाचला. आधी म्हणाले, "वर कोणी राहतं हेच मला माहीत नव्हतं." मग सातव्या मुद्द्याशी आले. "पाच वेळा? दुसऱ्यांदा कळलं नव्हतं?" अर्जदार म्हणाला, "कळलं होतं." त्यांनी सातवा मुद्दा पुन्हा वाचला. डोळे लाल झाले होते. आतून त्यांच्या आईंचा आवाज आला, "कोण आहे रे? त्यांना बसायला तरी सांग." "नको आई," शिंपी म्हणाले, "यांना बसवलं तर परत सात आठवडे जातील. पोस्ट चारला बंद होतं." खाली येऊन त्यांनी दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि अर्जदाराला स्कूटरवर मागे बसवले.

हे टपाल कार्यालयाच्या टेबलावर लिहीत आहे. उद्या दुपारपर्यंत नक्की पोचेल असे खिडकीवरच्या बाई सांगतात. चारला तीन मिनिटे कमी आहेत. शिंपी दाराशी स्कूटर चालू ठेवून उभे आहेत आणि बाईंनी पाकिटासाठी हात पुढे केला आहे. अर्ज आणखी एकदा वाचायला हवा होता. वाचत नाही. देतो.