पितृपक्षातला सेटअप

नाशिक,
ता. ३ ऑक्टोबर २०००

तीर्थरूप रंगनाथमामांच्या पायांवर भाचा जीवन डोकं ठेवतो. (डोकं सध्या ठिकाणावर नाही, तरी गोड मानून घ्या.) साळूमामींचा गुडघा कसा आहे? सायखेड्याचा टोमॅटो यंदा कसा निघाला? माझी तब्येत झोप आणि जेवण सोडलं तर उत्तम.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. चिमाजीअण्णांच्या प्रतिभाचं स्थळ तुम्हीच सुचवलंत, आणि आता मला दुसरी मुलगी दाखवायचं नावही काढू नका. अण्णांना मी पसंत आहे, अडलंय ते गुणांवर. समाजाचं वधूवर केंद्र चालवणारा माणूस स्वतःची मुलगी गुण न बघता कशी देईल? बरं, गुरुजींकडे जावं तर तेही नाही. गुरुजी दक्षिणा बघून गुण वाढवतात, मशीन खोटं बोलत नाय, हे अण्णांचं ठाम मत. म्हणून केंद्रातल्या कॉम्प्युटरवर कुंडली जुळवायचा प्रोग्राम आहे, आणि नेमका तोच बंद पडलाय. पाडला कोणी? आमच्या कंपनीनं.

झालं असं. स्थळांच्या नोंदी ठेवायचा प्रोग्राम आमच्या यादवसाहेबांनी अण्णांना विकला. असा प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर चढवायला एक सेटअप बनवावा लागतो, आणि त्यात काही फायली सामाईक असतात, म्हणजे मशीनवरचे दुसरे प्रोग्रामही त्याच वापरतात. तुमची आणि गोरक्षमामांची विहीर आहे ना, तसंच. पाणी दोघांचं, म्हणून उताऱ्यावर नोंद हवी, आणि नवी मोटार बसवणाऱ्यानं आधी विहिरीत डोकावून बघायला हवं. सेटअपनंही तेच करायचं असतं. अशी फाईल तिथं आहे का, असली तर आपली नवी की त्यांची, त्यांची नवी असली तर हात लावायचा नाही, आणि शेवटी विंडोजकडे रीतसर नोंद करायची. एवढं सरळ काम! पण सरळ काम सरळ होऊ दिलं तर ते साहेब कसले?

अण्णांचा वधूवर मेळावा कोजागिरीला, म्हणजे सेटअप द्यायचा पितृपक्षात. आणि साहेब पितृपक्षात नवीन चड्डीसुद्धा घेत नाहीत. (अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची स्वप्नं मात्र बाराही महिने बघतात.) मग त्यांनी तोडगा काढला. कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं सरकवलं आणि मशीनमध्ये दसरा उजाडवला! मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू (माझ्या एंटरच्या बटणात अजून अक्षता आहेत), आणि या शुभदिनी आमची जुनाट सामाईक फाईल पुन्हा तयार करून सेटअपमध्ये कोंबली. आवृत्तीचा आकडा घालायला विसरले. आता सेटअपनं नवंजुनं ओळखायचं कशावरून? तारखेवरून! त्यानं पाहिलं, अण्णांच्या मशीनवरची फाईल उन्हाळ्यातली आणि आमची चक्क येणाऱ्या दसऱ्याची. मग काय, अण्णांची चांगली फाईल खाली, आमची जुनाट वर, आणि विंडोजदरबारी नोंद तिचीच. आमचा प्रोग्राम मस्त सुरू झाला, साहेबांनी पेढे वाटले, आणि तिकडे कुंडलीच्या प्रोग्रामनं डोळे मिटले.

साहेबांना विचारलं तर म्हणतात, व्हायरस असेल. यांच्या धंद्यात चूक कधी होतच नाही, व्हायरसच होतो. मी गेले आठ दिवस कामावरून सुटलो की अण्णांकडे जातो, कपाळावर आठ्या घालून मशीनसमोर बसतो, मान हलवतो. अण्णा म्हणतात, पोरगं लय कष्टाळू हाय. प्रतिभा चहा आणते. असं किती दिवस चालायचं, मामा? जीव टांगणीला लागलाय.

मामींना नमस्कार सांगा, पोरांचे कान माझ्या वतीनं ओढा.

तुमचा,
जीवन

ता. क. मामा, खरं काम असं की तुम्ही येत्या शनिवारी सकाळच्या एसटीनं या आणि अण्णांकडून सुपारी फोडून घ्या. मशीन बंद आहे तर ही देवीचीच इच्छा, असं काहीतरी म्हणा. तुमच्या शब्दाला ते मान देतात. रविवारी कुंडलीवाल्या कंपनीचा माणूस मुंबईहून येतोय, तो आला की संपलं.

ता. क. दुसरा. संपलं अशासाठी की सेटअप चढवायच्या आधी मी गुपचूप माझी आणि प्रतिभाची कुंडली त्या प्रोग्राममध्ये घालून पाहिली होती. गुण सात आले, वर एकनाड. देवळाली कॅम्पातलं एक स्थळ मात्र तिच्याशी अठ्ठावीस गुणांनी जुळतंय. खरं म्हणजे बिघडलेलं मशीन चहा संपायच्या आत नीट होईल. चांगली फाईल परत ठेवायची, नोंद करायची, झालं. पण मी कशाला करू?

ता. क. तिसरा, ता. ४. पत्र अजून टाकलं नाही, कारण काल एवढं लिहिलं आणि मला लाज वाटली. चांगल्या फाईलची फ्लॉपी घेऊन गेलो होतो, सगळं नीट करून टाकायचं म्हणून. प्रतिभानं विचारलं, यात काय आहे? मी खरं ते सांगितलं, सात गुणांसकट. तिनं फ्लॉपी हातातून घेतली, तिचं पत्र्याचं झाकण ओढून तोडलं आणि म्हणाली, मामांना शुक्रवारीच बोलवा.