पुलावरचे दोघे

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. दिवसभर शर्टांची काजं करणाऱ्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस.

दादा दवाखान्यात आहे. हृदयाची झडप बिघडली आहे, सोळा तारखेला छाती उघडणार. डॉक्टर तोंडाने धीर देतात, सही मात्र आधी घेऊन ठेवली. तुला कळवायचं नाही असं दादाने बजावलंय. त्याचं ऐकायला मी काही त्याची फौज नाही.

दीड वर्ष तुम्ही बोलत नाही. लोक भिंतीवरून भांडतात, पोरांवरून भांडतात. तुम्ही भांडलात दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईवरून. पूल राखायला मागे थांबलेले शिपाई हिशेबात चुकले, पळणंच शहाणपणाचं होतं, असं तू भर जेवणात म्हणालास. समोर कोण बसलंय ते तरी बघायचंस. ज्याचा फौजेतला जोडीदार खंदकात त्याच्या शेजारीच मेला, त्याला हे ऐकवायचं? तो ताटावरून उठला तो उठलाच.

ती तुझी गेम थिअरी का काय, ती मला कळत नाही. सोळाच्या आत ये. बाकी सगळं समजून घे, फक्त उशीर करू नकोस.

तुझी ताई

दि. ८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

मला त्या शिपायांना नावं ठेवायची नव्हती. कुणी काय केलं असतं तर त्याच्या वाट्याला काय आलं असतं, याचा तक्ता मांडणं एवढंच माझं काम. पुलावर दोघेच आहेत असं धर. शेजारचा थांबला, तर मी पळून वाचतो. शेजारचा पळाला, तर मी एकट्याने थांबून पूल काही राहत नाही. म्हणजे तो काहीही करो, माझं भलं पळण्यातच. तरी एकही पळाला नाही, सगळे मेले. का, ते माझ्या तक्त्यातून निघत नाही. निघत नाही म्हणून मी ‘चुकले’ म्हणून मोकळा झालो.

आता माझंच बघ. मी आलो आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं तर? आलो नाही, तर निदान ते बघावं लागणार नाही. खरं सांगतो ताई, मी घाबरलोय. त्याने बोलावलं तर धावत येईन, पण आपणहून पाऊल उचलत नाही. हे त्याला कळू देऊ नकोस.

राग मानू नये, माया कमी करू नये.

तुझा धाकटा

दि. ११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

दादाला सगळं कळलं. मुद्दाम नाही. मोठ्याने वाचल्याशिवाय मला उमगत नाही हे ठाऊक असून तू एवढं लांबलचक लिहितोस. तो झोपलाय असं समजून खाटेशेजारी बसले आणि बोट ठेवत वाचलं. ‘कळू देऊ नकोस’पर्यंत पोचले, तर हा टक्क जागा.

मला वाटलं, आता भडकणार. तर म्हणाला, तो तक्ता परत वाच. दोनदा वाचून घेतला. मग छताकडे बघत बोलला, की पोराचं बरोबर आहे. त्या खंदकात आम्हा दोघांनाही पळायचंच होतं. मागे वाट मोकळी होती. तो हलला की मी हलणार होतो. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आधी कुणी हलायचं, म्हणून दोघेही बसून राहिलो आणि तोफगोळा पडला. लोक त्याला शौर्य म्हणतात. मी गप्प ऐकतो, कारण जोडीदाराच्या आईनेही तेच ऐकलंय. धाकटा जेवताना बोलला ते खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, म्हणाला.

जन्मात एवढं बोलला नव्हता. मी उगाच उशी सारखी करत राहिले. त्याने पाणी मागितलं, घोटभर प्यायला आणि म्हणाला, लिही त्याला, या वेळी मी आधी हललो.

भेटायची वेळ चार ते सहा. दारातली बाई खडूस आहे, सख्खा भाऊ आहे म्हणून सांग, सोडेल.

लोभ मनात ठेवून भागणार नाही, पायांत येऊ दे.

तुझी ताई