तुझ्या पप्पांनी वाढलेला भात

शलोमी,

कॉलेज सोडलेल्या पोराला पोरगी देत न्हाई म्हणून तुझ्या पप्पांनी तुझं लग्न दुसरीकडं ठरवलं. काल ते मोडायलाच मी जालन्याला चर्चमध्ये आल्तो. दारातच त्यांची कॉलर धरली. ते म्हणले, "आज कापणीचा सण आहे बाळा, आधी जेवून घे." पंगतीत शेजारी बसवलं आणि मी आलो म्हणून देवाचे आभार मानले.

"माझी लायकी तरी आहे का?" मी चिडून विचारलं.

"आमची तरी कुठं बघितली देवानं?" म्हणत त्यांनी भात वाढला.

धक्के मारून हाकलायचं ना मला. आता कोणत्या तोंडानं लग्न मोडू? वरून रविवारी ये म्हणलेत. आलोच तर मागच्या बाकावर बसंन. तुला सुखी राहा म्हणायला मात्र अजून जीभ वळत न्हाई.

हसनाबादचा,
धर्मराज