बर्फाला हात लावायचा नाही

मरोळ, मे अखेर

ती. सुंदराताईस, धाकट्या सोनूचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दत्ताराम भावजी साखर असून अजून चोरून जिलेबी खातात का? तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. अक्षर माझ्या रुचिकाचं आहे (तू शेवटची पाहिलीस तेव्हा पोर दुसरीत होती, आता बारावी झाली), पण बोलणं माझं. माझ्या उजव्या हाताला पट्टी आहे.

काळजी करू नकोस. म्हणजे थोडी केलीस तरी चालेल. झालं असं, की दोन वर्षं बर्फात हात घातला की माझी बोटं आधी खडूसारखी पांढरी व्हायची, मग निळी, मग लाल. मी गिऱ्हाइकांना गंमत म्हणून दाखवायचे. आपली बय चाळीस वर्षं बाजारातल्या याच ओट्यावर मासळी विकत बसली, तिला काही झालं नाही, मग मला काय होणार? दिवाळीनंतर तर्जनीच्या टोकाला टाचणीएवढी जखम झाली. सुरमईचा काटा लागला असेल म्हणून हळद लावली. मग शेजारच्या ओट्यावरच्या धाकूने दिलेलं मलम लावलं (ते त्याच्या कुत्र्याला लागू पडलं होतं). होळीपर्यंत टोक काळं पडलं. पदर घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

शेवटी रुचिकाने ओढत मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नर्सने रक्तातला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा बोटाला लावला. मशीन गप्प. दुसरं बोट, तिसरं बोट, तरी गप्प. दुसरं मशीन आणलं, तेही गप्प. मशीनच्या लेखी मी गेलेलीच होते. मग चिमटा कानाच्या पाळीला लावला, तिथे जिवंत निघाले.

श्वेता म्हणून डॉक्टर आहे, रुचिकाहून फार मोठी नसेल. तिने समजावलं, की आपलं रक्षण करणारी जी फौज अंगात असते, ती माझ्याच रक्तवाहिन्यांवर उठली आहे. नळ्या आतून अरुंद झाल्यात, गार लागलं की मिटूनच जातात, बोटाच्या टोकापर्यंत रक्त पोचत नाही. मी विचारलं, भांडण कशावरून? म्हणाली, "मावशी, नेमकं कारण नाही सांगता येत." म्हटलं, आमच्यात निदान ओटा तरी होता. (बयच्या, म्हणजे आईच्या, मागे ओटा माझ्या नावावर झाला म्हणून बहीण दहा वर्षं बोलत नाही, हेही तिला सांगितलं. केसपेपरवर तिने ते लिहिलं नाही.)

तर्जनीचं टोक नखासकट काढलं. गोळ्या चालू आहेत. बर्फाला हात लावायचा नाही, हात गरम ठेवायचे. म्हणून ऐन मे महिन्यात मी लोकरीचे हातमोजे घालून हिंडते. रिक्षावाल्याने विचारलं, "काश्मीर जाना है क्या?"

मोजे घालून पंधरा दिवस ओट्यावर बसले. मासे धाकू काढून द्यायचा. एकदा घाम पुसायला मोजा काढला, तेवढ्यात मृणालिनीबाईंनी बोट पाहिलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. हातातलं पापलेट हळूच खाली ठेवलं, रुमालाने बोटं पुसली आणि पलीकडच्या ओट्यावर गेल्या. ताई, सगळा बाजार मला तोंडाळ म्हणतो, आणि मी काय केलं, तर मोजा परत चढवला. पाटी तशीच घरी आणली. त्यानंतर गेले नाही. आता हाताला मासळीचा वास येत नाही. गल्लीतली मांजरं ओळख देत नाहीत.

बाकी सगळं ठीक.

तुझी,
सोनू

ता.क. ओटा आठ दिवस रिकामा आहे. मी बाजूला खुर्ची टाकून भाव बोलेन, बर्फात हात तू घाल. तुझे हात बयवर गेलेत. नावही तुझं लावू. ते तेव्हाच लावायला हवं होतं. (हे ठळक लिही, असं आई म्हणाली. रुचिका.)

आणखी एक ता.क. मावशी, आई चहा टाकायला उठलीय म्हणून पटकन लिहितेय. येत्या बुधवारी तिच्या मधल्या बोटाचं ऑपरेशन आहे. ते तिने मला लिहू दिलं नाही. म्हणते, ताई आली तर ओट्यासाठी येऊ दे, माझी कीव करून नको. गेल्या वेळी आत नेताना ती तुलाच हाका मारत होती. तू बुधवारच्या आधी ये. पण आलीस की ओट्यासाठीच आलेय असं सांग.