काळा पुठ्ठा

सोमवार, १४ तारीख

ती. काका,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तुम्ही गेल्यापासून वर्कशॉपमध्ये एक पाना जागेवर सापडेल तर शपथ. नवा माणूस हूं की चूं करत नाही. मी बरी आहे.

तुम्ही चिडवायचात, अंधारात कसलं अंडं उबवता? नीट कधी सांगितलंच नाही. आम्ही अणूंचा एक इवलासा ढग इतका गार करतो की ते जवळजवळ हलायचेच थांबतात. त्यांना पाहायचं तर उजेड टाकावा लागतो, आणि उजेडाच्या धक्क्यानेच ते तापून उधळतात. म्हणून पापणी लवते न लवते तेवढंच शटर उघडायचं, एक फोटो घ्यायचा. तो ढग गेला, पुढच्या फोटोला नवा. बाकी सगळा वेळ मिट्ट काळोख.

त्या काळोखात जास्त वेळ ठेवलेला ढग फोटोत आपोआप पसरलेला दिसला. सर म्हणाले, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. शुक्रवारी ते जाहीर करणार आहेत. माझी पदवीही त्यावरच आहे.

काका, मला फार भीती वाटते. गेल्या बुधवारी मी शटरपुढे काळा पुठ्ठा उभा केला, फोटोपुरताच बाजूला सरकवला. ढग जागचा हलला नाही. पुठ्ठा लावलाच नाही, तेव्हा पसरला. अकरा वेळा करून पाहिलं. म्हणजे बंद शटरमधूनही उजेड झिरपतो, आणि ढग आम्हीच उधळत होतो. वहीत एक ओळ लिहिली नाही. पुठ्ठा कपाटामागे लपवला. तेव्हापासून सरांची पावलं ऐकली की मी दुसऱ्या दाराने निघून जाते.

शटर पूर्ण मिटत नाही, हे तुम्ही ते बसवलंत त्याच दिवशी सांगितलं होतंत. सरांनी मला विचारलं, हे खरं का. बदलायचं म्हणजे तीन महिने काम बंद, आणि मला घाई होती. मी म्हटलं, "काकांना हल्ली नीट दिसत नाही, सर."

शटर मी तपासलंही नव्हतं. पुढच्याच महिन्यात तुम्हाला घरी बसवलं. जाताना तुम्ही माझ्याच डोक्यावर हात ठेवलात, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांना सगळं सांगायचं ठरवलं आहे. पण माझा मलाच भरवसा नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. गुरुवारी दुपारपर्यंत सरांचा तुम्हाला फोन आला नाही, तर मी कच खाल्ली असं समजा आणि हे पत्र घेऊन सरळ त्यांच्या खोलीत जा. मी समोर उभी असले, रडत असले, तरी थांबू नका.

नाकारता येऊ नये म्हणून पत्राच्या मागे पूर्ण नावाने सही केली आहे.

तुमच्याविषयी खोटं बोललेली,
तुमची बडबडी