वरून टाकलेली फाइल

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आजपासून मी नोकरदार! दादानं सकाळी अणदूरहून पिकअपमध्ये गादी, शेगडी, पाण्याची घागर आणि सगळ्यात शेवटी मी असा माल भरला आणि दुपारच्या आत भूमला आणून उतरवला. दादा म्हणजे अमरसिंह, माझा थोरला भाऊ. बाबा गेल्यापासून त्याच पिकअपवर आमचं घर चालतं आणि माझा कंप्युटरचा कोर्सही त्याच्याच जिवावर झाला. वाटेत त्यानं तीनदा बजावलं, मालक आपला दोस्त हाय, तिथं जीभ आवरायची. मी म्हटलं आवरीन, पण ती माझं ऐकत नाही.

दुकान एसटी स्टँडसमोर आहे. फॉर्म भरणं, झेरॉक्स, रिचार्ज, आणि मुख्य म्हणजे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड भरून देणं. मालक योगीराज बोलायला गोड. इतका गोड की मला उगाचच राग आला. मागच्या बाजूला निळ्या रंगाची लहानशी खोली आहे, तिथं डबा खायचा, कपडे नीट करायचे.

समोर जैनबखालांचं बांगड्यांचं दुकान आहे. त्यांच्या घरामागची खोली मला राहायला मिळाली. आल्या आल्या त्यांनी चहा पाजला. दुकानात मी कुठं बसणार ते त्यांनी विचारलं. कंप्युटरसमोरच्या खुर्चीवर, असं मी सांगितलं तेव्हा त्या कप धुवायला उठल्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काम आवडलं. ट्रॅक्टरवाले गाणी मागतात, म्हाताऱ्यांना कीर्तन हवं असतं, ऊसतोडीच्या मजुरांना भरपूर सिनेमे. इथली एक गंमत आहे. पेनड्राइव्ह भरून झाला की गिऱ्हाईक म्हणतं, वरचं काय टाकलं? भाजीवालीकडं कोथिंबीर मागावी तसं. मग आपल्या मनानं एखाद-दोन फाइली वरून टाकायच्या. सगळे खूश.

लाइट दुपारी दोन-तीनदा जाते आणि तिच्या मागोमाग नेटही. साधं डाउनलोड ऐंशी टक्क्यांवर तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून इथं डाउनलोड मॅनेजर आहे. तो एका फाइलचे आठ तुकडे करतो, आठही एकदम ओढतो, आणि लाइट गेली तरी कुठवर आलो होतो ते विसरत नाही. रिझ्यूम दाबलं की तिथूनच पुढं. कोर्सला मी यात सगळ्यांच्या पुढं होते. अर्धवट पडलेली फाइल मला बघवत नाही.

आणि इथं तशा दोन आहेत. यादीच्या तळाशी, दीड वर्षापासून शून्य टक्क्यांवर थांबलेल्या. दोन्हींचं नाव "मोनिका". पत्त्याच्या रकान्यात साइट असते, तिथं नुसते चार आकडे, मोबाइल नंबरच्या शेवटी असतात तसे. मालकाला विचारलं तर त्याचा गोडवा पार उतरला. त्या वळींना हात लावायचा न्हाय म्हणाला, डिलीट केल्या तरी परत येत्यात. मी हो म्हटलं. डिलीट करून पाहिल्या. खरंच परत आल्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मालक जेवायला गेला होता आणि माझा हात शिवशिवत होता. पहिल्या ओळीवर रिझ्यूम दाबलं. नेटची लाइन तेव्हा बंद होती, तरी पट्टी धावायला लागली. तीन वाजून वीस मिनिटांनी फाइल पूर्ण झाली. तेवढ्यात वर्णनाचा रकाना, जो कायम रिकामा असतो, त्यात एक वाक्य आलं. "याच्यापुढं मी हात जोडले होते."

कुणाची तरी चेष्टा असणार. तेवढ्यात मालक आला. मी यादी वर सरकवली.

सोमवार, १० फेब्रुवारी

लिंबाजी आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, ट्रॅक्टरवाला. शनिवारी स्टँडच्या वळणावर त्याची दृष्टी गेली. चहाचा ग्लास तोंडाशी होता, तसाच सोडला म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, दिसत का नाही ते कळत नाही. बघणाऱ्यानं घड्याळात पाहिलं होतं. तीन वाजून वीस मिनिटं.

मालक दिवसभर माझ्याकडं बघत होता. मीही बघितलं. त्यानं नजर वळवली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ती फाइल उघडली. उघडायला नको होती, पण मी तशीच आहे.

व्हिडिओ आहे. प्लेअरनं लांबी तासांत दाखवली, तीन लाखांच्या वर. मी भागाकार केला. अडतीस वर्षं. लिंबाजीचं वय अडतीस आहे.

सुरुवातीला अंधुक उजेड आणि कुण्या बाईचा पदर. मधेच पुढं नेलं तर बैलाची शेपटी, शाळेची भिंत, लग्नाचा मांडव, स्टिअरिंग. शेवटी चहाचा ग्लास, त्यानंतर काळं. त्या माणसाला जन्मापासून जे जे दिसलं ते सगळं, कानावर पडलेल्या आवाजासकट. त्याची नजरच इथं येऊन पडली आहे.

दीड वर्ष मागं नेलं. लिंबाजीच्या हातातला मोबाइल दिसला. त्यात एक मुलगी, पाठमोरी, साडी बदलणारी. भिंतीचा निळा रंग मी ओळखला. रोज तिथं बसून मी डबा खाते. मी पुढं बघितलं नाही, पण लिंबाजीचा अंगठा बघितला. तो एकेका नावावर टिचकी मारत होता. पाठवलं. पाठवलं. पाठवलं. मग काही दिवसांनी तीच मुलगी त्याच्या ट्रॅक्टरसमोर उभी, हात जोडून. आणि चित्र हलत होतं, कारण तो हसत होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जैनबखालांना सरळ विचारलं. त्या रडल्या, मग बोलल्या. मोनिका माझ्याच खुर्चीवर होती. पंधरा ऑगस्टला झेंड्याला जायचं म्हणून तिनं त्या खोलीत साडी बदलली. योगीराजनं तिथं मोबाइल लपवला होता. नंतर तो व्हिडिओ त्यानं पेनड्राइव्ह भरताना वरून टाकायला सुरुवात केली. कुणी मागितला नव्हता. पण मिळाल्यावर कितीजणांनी पुढं धाडला, कितीजणांनी पुसला, ते ज्याचं त्याला माहीत. खाला म्हणाल्या, "लई गुणाची पोरगी व्हती. दारोदार फिरली, पुसून टाका म्हणाली. कुणी ऐकलं न्हाय. आठ दिवसांनी हिरीत सापडली." चौकशीत कुणी तोंड उघडलं नाही.

मी खालांना विचारलं, पहिल्याच दिवशी मला का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू गेली असतीस, मग तिसरी आली असती.

मला भीती वाटत नाही. राग येतो आहे, अंगात मावत नाही इतका. निळ्या खोलीचे सगळे कोपरे हातानं चाचपले. आता तिथं काही नाही.

दुसऱ्या ओळीचे चार आकडे आमच्या दुकानाच्या पाटीवर आहेत. योगीराजचे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

केलं. तो काउंटरवर एका म्हातारीशी गोड गोड बोलत असताना केलं. मी पट्टीकडं बघत होते आणि अधूनमधून त्याच्याकडं. नव्वद टक्क्यांना त्यानं डोळे चोळले. शंभरला त्यानं माझं नाव घेऊन विचारलं, लाइट गेली का? मी म्हटलं, न्हाय, आहे की लाइट.

काय आनंद झाला मला. लपवत नाही. मोनिका, तुला कळावं म्हणून लिहिते, तो ओरडला तेव्हा मी पंख्याचा वेग वाढवला आणि त्याला काही दिसत नसताना त्याच्या तोंडासमोर बसून डबा खाल्ला. मग लोकांना हाक मारली.

त्याला पुण्याला नेलं आहे. चावी माझ्याकडं. त्याची फाइलही बघितली, बरीच. वर्णनात लिहून आलं, "यानं काढला." आणि खाली, पुढची ओळ येण्याची वाट बघणारं जे चिन्ह असतं ते फिरत राहिलं. याद्या चालू ठेवून आम्ही घरी जातो तेव्हा एका चौकोनात बरोबरची खूण करतो, नवी ओळ आली की विचारू नको, आपोआप सुरू कर. आताही तीच खूण केली. कुणी सुटायला नको.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी दुकान उघडलं तर नवी ओळ एकसष्ट टक्के झालेली.

शेवटचे चार आकडे दादाचे आहेत.

आधी वाटलं योगायोग. मग पॉज दाबलं आणि अर्धवट फाइलचा नमुना उघडला. आठ तुकडे आठ ठिकाणांहून येतात, त्यामुळं सगळ्या वयाचं थोडं थोडं आलं होतं. आईचा चेहरा, किती तरुण! मी पाळण्यात. मी त्याच्या खांद्यावर, खंडोबाच्या यात्रेत, फुगा मागणारी. मी रडले. दादा, तू मला इतकं नीट बघितलंस?

मग ते आलं. हेच दुकान, हीच खुर्ची, दादा पेनड्राइव्ह घ्यायला आलेला. पिकअपमधला त्याचा मोबाइल. अंगठा. पाठवलं. पाठवलं. मोनिका पिकअपच्या काचेशी उभी, हात जोडून. त्यानं काच वर केली.

आणि अगदी अलीकडचं, गेल्या महिन्यातलं. तो आणि योगीराज स्टँडवर चहा पिताना. योगीराज हसतोय. आणि दादाचा आवाज, जसा आपला आपल्याला ऐकू येतो तसा, "तिच्याकडं वाकडं बघायचं न्हाय, बहीण हाय माझी. बाकी तुमचं तुम्ही बघा."

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं. तरी मला त्याच खुर्चीवर आणून बसवलं.

वर्णनाच्या रकान्यात तेच आहे. "यानं तुला इथं बसवलं."

दादाला फोन केला. तो म्हणाला सगळे बघत व्हते, म्या एकट्यानं काय केलं. म्हणाला ती तसलीच व्हती. म्हणाला उद्या येतो तुला न्यायला, डोकं फिरलंय तुझं.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी ११

रात्रभर वाद घातला, स्वतःशीच. बाबांच्या जागी आहे तो. त्यानंच मला शिकवलं.

तिनं काचेवर हात ठेवला होता. हाताचा ठसा काचेवर राहिला आणि त्यानं तो फडक्यानं पुसला. तेही फाइलीत आहे.

रिझ्यूम दाबलं. माझ्या हातानं, शुद्धीत. ६१. ६२.

१२.१०

फोन आला. दादाच्या नंबरवरून, त्यानंच लावून दिलेला, पण बोलली आई. हसत होती. म्हणाली हितं जवळच वाशीला माल उतरवून निघालोय, तुला भेटावं म्हणून मीबी बसले गाडीत, दशम्या आणल्यात.

आई गाडीत आहे. दादा चालवतोय. ७८.

ओरडले, गाडी थांबव म्हण. आईला नीट ऐकू येत नाही. दादानं फोन घेतला, हसला, कट केला. परत लावला. बंद येतोय.

१२.२०

पॉज होत नाही. दाबते, परत सुरू. ती आपोआपची खूण काढली, तरी नाही. वायर उपसली, स्क्रीन तशीच चालू. ८४.

मोनिका, आईनं काही केलं नाही. तिला मोबाइल लावताही येत नाही. ऐक.

ऐकत नाही. तिचंही कुणी ऐकलं नव्हतं.

१२.२६

एक सेटिंग आहे. एका वेळी एकच फाइल. मग वरची ओळ चालते, खालची थांबून राहते. ते लावलं. आता दादाच्या वर दुसरी ओळ हवी.

नंबर टाकून पाहिले. दोन-तीन. कुणाचे ते लिहीत नाही, मला लाज वाटते. फाइल सापडली नाही. फाइल सापडली नाही. ज्यांनी बघितलं नाही त्यांची नसते.

९१.

१२.२९

माझा टाकला.

सापडली.

वर्णन लगेच आलं. "ही सगळ्यांचं बघत बसली." खरं आहे. लिंबाजीचं बघितलं, योगीराजचं बघितलं. डबा खात खात बघितलं.

दादाची ओळ ९३ वर थांबली. माझी पळतेय. भराभर. माझी वर्षं थोडी आहेत.

१२.३५ असावेत

कडेनं काळं येतंय. दार दिसत नाही. मधलं दिसतं. वही दिसते.

जैनबखाला, ही वही तुम्हाला सापडेल. समोरूनच याल. कुणाकडून तरी वाचून घ्या.

एक. माझी ओळ पूर्ण झाली की दादाची आपोआप सुरू होईल. आई गाडीत असेपर्यंत होऊ द्यायची नाही. स्क्रीनवर अर्धवट अशा दोनच ओळी आहेत. खालचीवर उजवं बटण, "रांगेत थांबव". आता ऐकेल मोनिका, मी दिलंय तिला तिचं. मी दाबते आहे पण बाण कुठंय ते

दाबलं. बहुतेक दाबलं.

दोन. अक्षर एकावर एक येत असेल. रेघ दिसत नाही.

तीन. दादाला वाटेल मी त्याला वाचवलं. माफ केलं. खाला, त्याला सांगा तसं नाही. गाडीत आई होती म्हणून. एवढ्यासाठीच. ९३ वर आहे तो, सात राहिलेत, आणि मला अर्धवट फाइल

बाहेर हॉर्न वाजतोय. पिकअपचाच आहे.

दार उघडलं गाडीचं. आईच्या पाटल्यांचा आवाज. ती उतरली. खाला, या लवकर, आई उतरली, आता खालच्या ओळीवर उजवं बटण आणि रिझ्यू—