वीजमावशीच्या चपला

मंगळवार, संध्याकाळ

डोकं नुसतं भणभणतंय. आमच्या कॉमिकमधली वीजमावशी उधना भागातल्या चाळींवरून उडत येते, भिंती फोडते, पण कुणाच्या घरात शिरताना चपला दाराबाहेर काढते. इतकी वर्षं मी तिला तशीच काढतेय. आज मीटिंगमध्ये नवा संपादक म्हणाला, "मॅडम, ती चपलांची भानगड बंद करा. सुपरहिरोला बूट हवेत, घरातसुद्धा."

कॉमिकच्या गुजराती मालकानं, शेठनं, लगेच मान डोलावली, "बराबर छे."

घरात बूट घालून शिरणारी ती आमची मावशी कशाची?

आणि मीटिंग संपल्यावर हाच शहाणा शेठच्या केबिनच्या दाराबाहेर, मघाशी स्वतःच काढून ठेवलेल्या बुटांच्या नाड्या बांधत होता!